संथेच्या फाइली

मंगळवारी बाबांच्या गळ्याचं ऑपरेशन होणार होतं. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं, की आवाज येईल, पण पहिल्यासारखा येईलच असं नाही. ऑपरेशनच्या आधीपासूनच बोलणं बंद. चाळीस वर्षं रामघाटच्या पाठशाळेत मुलांकडून वेद घोकून घेणारे दिनानाथ गुरुजी हातात पाटी-पेन्सिल घेऊन बसले होते.

गप्प बसायच्या आधी त्यांनी एक काम मात्र उरकून घेतलं. त्यांचा सुश्रुत नावाचा, हिंदी मुलखातून आलेला शिष्य नऊ वर्षांपूर्वी, शेवटचे चार अध्याय राहिले असताना, पाठशाळा सोडून गेला आणि पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये रमला. त्या चार अध्यायांची संथा, म्हणजे वेदाचा पाठ, बाबांनी पाठशाळेच्या कंप्यूटरवर, कॅमेऱ्यासमोर बसून, हाताने स्वर दाखवत रेकॉर्ड केली. घसा धरलेला, तरी अकरा दिवस. जाताना ज्याला पाया पडायचंही सुचलं नाही, त्याच्यासाठी एवढं? माझं डोकं फिरलं आणि मी तसं बोलूनही दाखवलं. बाबा दुसऱ्या दिवशी पुन्हा कॅमेऱ्यासमोर.

फोन करून सुश्रुतला मीच बोलावलं. त्याच्याकडे मॅक. पाठशाळेच्या कंप्यूटरवर लिनक्स. दोघांनाही चालेल असा एक पेन ड्राइव्ह मी आणला, तर तो चार जीबीपेक्षा मोठी फाइल घेईना, आणि आमची एकेक फाइल पाचच्या पुढची. उघडून बघते तो काय, बाबा एक ओळ म्हणतात आणि मग कितीतरी वेळ नुसते बसून राहतात. पुन्हा एक ओळ, पुन्हा गप्प. मी बँकेत नोकरी करणारी बाई, मला रिकामं काही सहन होत नाही. रविवारची दुपार घालवून ते सगळं गप्प बसणं कापून टाकलं. फाइली निम्म्याहून लहान झाल्या आणि पेन ड्राइव्हमध्ये गुमान बसल्या. स्वतःवर मी भलतीच खूश होते.

सोमवारी दुपारी सुश्रुत आला. नमस्कार केला, मान खाली घालून बसला. मी पेन ड्राइव्ह त्याच्या मॅकला लावून पहिली फाइल सुरू केली. बाबांचा आवाज एकापाठोपाठ एक ओळी म्हणत धावत सुटला.

बाबांनी पाटीवर थाप मारली.

"फाइल मोठी होती, बाबा," मी म्हणाले. "मधे तुम्ही नुसते गप्प बसलेले. तेवढंच काढलं."

त्यांनी इतक्या जोरात लिहिलं की पेन्सिल मोडली. पाटी माझ्यापुढे धरली: 'कापायचं तर माझं काप. त्याचं नको.'

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. संथेत गुरुजींनी एकदा म्हणायचं आणि शिष्यानं दोनदा. लहानपणापासून हेच ऐकत मी अंगणात खेळले, आणि सुश्रुतला म्हणायला ठेवलेली सगळी जागा मीच कापून टाकली होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मूळ फाइली आहेत ना, मालूताई?" सुश्रुतनं विचारलं.

"आहेत. पण तुझी गाडी..."

"सात बजे आहे. पेन ड्राइव्ह राहू द्या. दोन्ही कंप्यूटर एका नेटवर घेतो, फोल्डर शेअर करतो, सीधा इकडून तिकडे. बस."

फोनचं नेट चालू करून त्याने पाठशाळेच्या कंप्यूटरवर काहीबाही टाइप केलं. थोड्या वेळानं तिथला फोल्डर मॅकवर दिसू लागला, आणि दहा-बारा मिनिटांत पहिली फाइल आली.

"लाव," मी म्हणाले.

"बाद में ऐकतो, ताई. इतक्या वर्षांत तोंडातून वेदाचं एक अक्षर नाही निघालं."

बाबांनी हात पुढे करून स्वतःच फाइल सुरू केली.

घोगऱ्या आवाजात एक ओळ आली. मग स्क्रीनवरचे बाबा थांबले, इथले बाबाही त्याच्याकडे बघत थांबले. सुश्रुत जमिनीकडे बघत राहिला. जागा तशीच निघून गेली. दुसऱ्या ओळीला त्याचे ओठ हलले. तिसरी ओळ तो म्हणाला, पण एकदाच, आणि तीही अडखळत. बाबांनी त्याचं मनगट धरलं आणि त्या स्वराला हात जिथे हवा तिथे आणून ठेवला.

चौथी ओळ आली. सुश्रुतनं ती म्हटली. त्याला पहिल्यापासून मधे श्वास घ्यायला थांबायची खोड, तसा थांबला, पुन्हा म्हटली. मला धाकधूक, की हा असाच रेंगाळला तर बाबांचा आवाज पुढे निघून जाणार. पण त्याचं दुसऱ्यांदा म्हणून पुरं झालं आणि अगदी त्याच क्षणी स्क्रीनवरचे बाबा पुढची ओळ म्हणू लागले.

नऊ वर्षांनंतरही त्यांना त्याची चाल, त्याचा श्वास, सगळं पाठ होतं. मी तोंडाला पदर लावून रडले. सुश्रुतही रडत होता, पण म्हणायचा थांबला नाही.