डाव्या हाताचं वाढणं

योगिनीच्या उजव्या मनगटाला तिच्या आईनं, अंबिकाबाईंनी, रविवारी सकाळीच काळा दोरा बांधला. नजर लागू नये म्हणून नव्हे, हात विसरू नये म्हणून. पोरगी जन्माची डावरी आणि घर भिक्षुकाचं. अवधूत गुरुजींच्या घरात डाव्या हातानं वाढलेलं पान म्हणजे अपशकुनच. लहानपणी जेवताना डावा हात पुढं आला की आई मनगटावरचा दोरा दाखवून विचारायची, "कुठला हात?" पोरगी मोठी झाली, शाळेत चित्रकला शिकवायला लागली, फळ्यावर डाव्या हातानं सरसर मोर काढायला लागली, तरी घरात प्रश्न तोच.

दोन स्थळं या हातानं घालवली, असं घरातलं म्हणणं. पहिल्यांदा चहाचा कप डाव्यानं पुढं गेला. दुसऱ्या खेपेला पोह्यांचा ट्रे कलंडला, तो तिनं डाव्यानं झटकन सावरला. ट्रे वाचला, स्थळ गेलं. दुसऱ्या दिवशी निरोप आला, पत्रिका जुळत नाही म्हणून. आता गावभरच्या पत्रिका बघणाऱ्या माणसालाच पाहुण्यांनी हे कारण सांगावं, याला काय म्हणावं? गुरुजींनी मुकाट्यानं ऐकून घेतलं. मुलीचा बाप म्हटल्यावर ज्योतिषही गुंडाळून ठेवावं लागतं.

तिसऱ्या खेपेला मात्र त्यांनी डोकं लढवलं. घरी बोलवायचंच नाही. हॉटेलात भेटायचं. वाढणारे वाढतील, पोरीनं नुसतं बसायचं. मुलगा हरिओम, मानवतचा, बँकेत होता. त्यानंच परभणीच्या स्टेशन रोडवरचं नवं जपानी रामेनचं दुकान सुचवलं. गुरुजी तर खूश झाले, कारण त्या दुकानाची वास्तुशांत त्यांनीच केली होती. तेव्हा मालक दत्ता म्हणाला होता, "काय न्हाई गुरुजी, सूप असतंय, त्यात शेवया. वर चमचा देतो." तो चमचा आठवून गुरुजींचा जीव भांड्यात पडला.

"आधीच सांगून टाका ना बाबा," योगिनी म्हणाली होती. "मी डावरी आहे म्हणून. चोरी केली का मी?"

"लग्न झाल्यावर कळतंच की."

"आणि मग काय? जन्मभर दोरा बांधून फिरू?"

गुरुजींनी पंचांग उघडलं. उत्तर द्यायचं नसलं की ते पंचांग उघडायचे.

तिला लग्न नको होतं असं नाही. फोटोतला हरिओम तिला बराही वाटला होता. पण परक्या घरात रोज जेवायला बसताना स्वतःच्या हातावर पहारा ठेवायचा, हे तिच्यानं होणार नव्हतं, आणि ते ऐकून घ्यायला घरात कुणी तयार नव्हतं.

रविवारी दुपारी सगळे दुकानात जमले. दुकान कसलं, मोबाइलवाल्याच्या वरचा लांबट हॉल. भिंतीला जपानी कंदील आणि गल्ल्यावर गंगाखेडच्या संत जनाबाईंचा फोटो, कारण दत्ता तिथला. पुण्यात एका जपानी हॉटेलात राबून तो गावाकडं परत आला होता. हरिओम आणि त्याची आई मंजुषाबाई समोर बसले. मंजुषाबाईंनी बसल्याबसल्या सांगून टाकलं, "आमी काही जुन्या वळणाचे नाही बरं का. आमाला सगळं चालतं."

'सगळं चालतं' म्हणणाऱ्यांना नेमकं काय चालत नाही, ते जरा वेळानं कळतं.

दत्तानं वाफाळते वाडगे आणून ठेवले. मशरूम, मका, कोथिंबीर, गुरुजींच्या वाडग्यात कांदा-लसूण नाही. सोबत छोटा खोलगट चमचा आणि लाकडी काड्यांची एकेक जोडी. गुरुजींनी काड्यांकडं बघितलं, मग दत्ताकडं.

"चमचा रश्शाला गुरुजी," दत्ता म्हणाला. "शेवया काड्यानं उचलायच्या."

"काटा दे ना रे बाबा," मंजुषाबाई म्हणाल्या.

"काटे ठेवलेच न्हाईत काकू. काट्यानं खायचं तर घरची मॅगी काय वाईट हाय?"

मग जे सुरू झालं ते बघण्यासारखं होतं. मंजुषाबाईंची शेवई निम्म्यावर येऊन परत वाडग्यात पडायची. हरिओमनं काड्या मुठीत धरून खुपसल्या. गुरुजींनी वैतागून बोटं घातली आणि पोळली म्हणून काढून घेतली. योगिनीनं उजव्या हातात काड्या धरल्या. शेवई निसटली. पुन्हा निसटली. रस्सा साडीवर उडाला. टेबलाखालून आईनं तिच्या डाव्या हाताला चिमटा काढला, वर येऊ नये म्हणून.

त्या चिमट्यानं तिचं डोकं फिरलं. तिनं काड्या डाव्या हातात घेतल्या.

रंगवताना दोन-दोन ब्रश एकाच पंजात धरायची तिला सवय होती. काड्या बोटांत नीट बसल्या. शेवयांचा घोस उचलला, फुंकर मारली, खाल्ला. चव झकास होती. दुसरा घास उचलला तेव्हा मंजुषाबाईंच्या काड्या वाडग्यावरच थांबल्या होत्या.

"अगं बाई," मंजुषाबाई म्हणाल्या, "तुमची मुलगी डावरी आहे का?"

"तसं काही नाही हो," गुरुजी घाईनं म्हणाले, "कधीमधी…"

"कधीमधी नाही," योगिनी म्हणाली. "डावरीच आहे. लिहिते डाव्यानं, चित्रं काढते डाव्यानं. जेवायला तेवढं मला उजव्यानं शिकवलंय, मारून मुटकून."

मंजुषाबाईंनी उसासा टाकला. बाई वाईट नव्हत्या, आणि खरी पंचाईत तीच होती. समजूत काढायच्या सुरात त्या म्हणाल्या, "हे बघ बेटा, मुलगी म्हणून तू आमाला पसंत आहेस. पण आमच्याकडं नवरात्र असतं, सवाष्णी जेवायला असतात. डाव्या हाताचं वाढणं कुणी घेत नाही. एवढी सवय मोड, मग आमची ना नाही. घे बरं, उजव्या हातात घे काड्या."

सगळ्यांचे डोळे तिच्या हातावर. हरिओम म्हणाला, "आई, जाऊ दे ना," आणि आईनं बघितल्याबरोबर वाडग्यात मान घातली. गुरुजी हळू आवाजात म्हणाले, "घे गं बाळ. दोन घासांचा प्रश्न आहे."

एवढं बोलून घशाला कोरड पडली म्हणून मंजुषाबाईंनी पाण्याचा पेला उचलला. काड्यांनी खाऊन हात उष्टा होत नाही, पण जन्माची सवय कुठं जाते?

"काकू," योगिनी म्हणाली, "पेला कुठल्या हातानं उचललात?"

मंजुषाबाईंनी स्वतःच्या डाव्या हाताकडं बघितलं.

"तुमचा उजवा उष्टा असला की डाव्याचं पाणी देवाच्या नैवेद्याच्या पंगतीतही चालतं. माझाच हात तेवढा बाटलेला? मी नाही मोडणार सवय. दोन घासांचा प्रश्न नाही हा. मला आयुष्यभर जेवायचंय."

मंजुषाबाई उठल्या. पदर सावरत म्हणाल्या, "बरं. पत्रिका बघून कळवतो."

"पत्रिकेला कशाला त्रास देता? मीच कळवते. नाही."

मायलेक जिना उतरून गेले. हरिओमनं वळून एकदा बघितलं. तिला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलायचं? पण मागं फिरावं असं काही वाटलं नाही.

टेबलाशी तिघं उरली. योगिनीनं उजवा हात आईपुढं धरला. "गाठ तू मारलीस. तूच सोड."

अंबिकाबाई बराच वेळ गाठीशी झटत राहिल्या. नखांनी निघेना तेव्हा खाली वाकून दातांनी सोडवली. दोरा त्यांनी मुठीत घेतला आणि तोंड पुसल्यासारखं करून डोळे पुसले.

गुरुजी वाडग्याकडं बघत बसले होते. अन्न टाकायचं नाही हा त्यांचा नेम, लग्नाच्या पंगतीत लोकांना तेच सांगायचे. आणि वाडगा तर भरलेला. काड्या त्यांना जमत नव्हत्या, बोटं पोळली होती.

योगिनीनं दत्ताकडून काड्यांची कोरी जोडी मागून घेतली, बापाला उष्ट्या चालणार नाहीत म्हणून. डाव्या हातानं त्यांच्याच वाडग्यातल्या शेवया उचलल्या आणि तशाच धरून ठेवल्या.

"उजव्यानं मी आता कुणाला वाढणार नाही बाबा. तुमालासुद्धा नाही. घ्यायचं तर घ्या, नाहीतर अन्न टाकून उठा."

शेवयांतून रस्सा ठिबकत होता. तिचा हात खाली आला नाही. गुरुजींनी एकदा बायकोच्या मुठीकडं बघितलं. मग खोलगट चमचा उचलून पुढं केला. योगिनीनं त्यात वाढलं. त्यांनी डोळे मिटून घास घेतला, सावकाश चावला, गिळला, आणि रिकामा चमचा पुन्हा तिच्या डाव्या हाताखाली धरला.

"अजून वाढ," ते म्हणाले.