नाव कोरलेलं नाणं

"अजून साबन लाव. निघंल."

रंगुबाईनं उजवा पाय भाचीच्या मांडीवर सोडला होता. चांगुणानं साबणाचा फेस करून घोट्यावर चोळला आणि तोडा हळूहळू फिरवायला सुरुवात केली. सूज होतीच. चांगुणा मिरजगावच्या दवाखान्यात नर्स होती. रविवारी सुट्टी मिळाली की ती आत्याच्या गावी चक्कर टाकायची. आज दारातून आत येते न येते तोच आत्यानं पाय पुढं केला होता.

"सूज उतरली की परत घालू," चांगुणा म्हणाली.

"परत कशाला घालती? सायबाला द्यायच्यात."

चांगुणाचा हात जागच्या जागी थांबला. "कुठल्या सायबाला?"

"नान्यावाल्या. आज येनार हाय. शेवटचं नानं आननार हाय, चांदीचं. कानिफचं नाव कोरलेलं."

चांगुणानं पाय मांडीवरून खाली ठेवला. ओले हात तिनं पदराला पुसले.

कानिफनाथ हा रंगुबाईचा एकुलता एक मुलगा. एकाहत्तरच्या डिसेंबरात सीमेवरच्या लढाईत कामी आला. त्याच्या पाठीमागं सरकारनं आईबापाला पेन्शन लावली, आणि पेन्शन सुरू झाली तसा हा माणूस उगवला. अंगात सफारी, हातात कातडी बॅग. 'भारत विजय स्मृती मुद्रा मंडळा'चा एजंट म्हणवून घ्यायचा. मनिऑर्डर आली की आठवड्याच्या आत हजर. दर खेपेला मखमलीच्या डबीत एक नाणं. एकावर रणगाडा, एकावर जहाज, एकावर विमान. "आई, हे सरकारनं काढलंय, फक्त वीरमातांसाठी," असं म्हणायचा. रंगुबाईला अक्षर ओळखता येत नव्हतं. पण वीरमाता हा शब्द तिला आवडायचा. मनिऑर्डरीतले निम्म्याहून जास्त पैसे त्या डबीवर जायचे.

चांगुणानं मागंच एक नाणं सोनाराला दाखवलं होतं. त्यानं ते नखानं खरवडलं आणि म्हणाला, पितळ आहे, वर नुसता मुलामा. तिनं येऊन आत्याला सांगितलं, तर आत्या म्हणाली, "सोनार कुनाला खरं सांगतो?" मग ती सरपंच कारभारी पाटलांकडं गेली. पाटील पानाला चुना लावत म्हणाले, "म्हातारीचं समाधान हाय त्यात. तू कशाला मधी पडती?" त्यांच्या बैठकीत भिंतीवर तसलीच सगळी नाणी फ्रेम करून लावलेली होती. फुकट मिळालेली. एजंट गावात आला की चहा त्यांच्याच ओट्यावर घ्यायचा.

"मामाला इचारलंस?" चांगुणानं आत्याच्या नवऱ्याबद्दल विचारलं.

"ते बैलं घिऊन चाऱ्याच्या छावनीत हायती. इचारायचं काय त्यात? तोडं माझ्या बापानं घातल्यात."

"माझ्या आज्यानं घातल्यात, आत्या! दुष्काळात मान्सं घरातली भांडी इकायला लागलीत, अन् तू खरी चांदी दिऊन पितळ घेती?"

"पितळ न्हाई ते! ह्ये चांदीचं हाय. अन् नाव हाय त्याच्यावर." रंगुबाईचा आवाज चढला. "त्याचं थडगं न्हाई, समाधी न्हाई. कुठं जाळला ते मला ठाव न्हाई. निदान नाव तरी माझ्या हातात येऊ दी!"

चांगुणाचा राग आणखीच वाढला. आत्यावर नाही. पण समोर आत्याच होती.

एवढ्यात दारात बूट वाजले.

"आई, आहात ना?"

त्याच्या तोंडून 'आई' ऐकताच चांगुणाच्या डोक्यात तिडीक गेली. एजंट हसतमुखानं आत आला. घोंगडीवर बसला, आधी तांब्यातलं पाणी प्याला, आणि मग रंगुबाईच्या पायांकडं बघून म्हणाला, "अजून निघाले नाहीत का? द्या इकडं पाय. मुलासारखाच आहे मी." खरोखरच तो गुडघ्यावर बसला आणि त्यानं तोड्याला हात घातला.

"हात काढ," चांगुणा म्हणाली.

"ताई, मी फक्त..."

"हात काढ म्हनते ना! आधी नानं दाव."

एजंटाचं हसू मावळलं नाही. बॅगेतून एक लाल डबी काढून त्यानं ती दोन्ही हातांनी रंगुबाईच्या ओंजळीत ठेवली, देवाचा प्रसाद दिल्यासारखी. रंगुबाईनं झाकण उघडलं. नाणं चकचकत होतं. तिनं कोरलेल्या अक्षरांवरून अंगठा फिरवला, पुन्हा फिरवला. मग नाणं कपाळाला लावलं.

"वाच गं चांगुने. कसं लिवलंय माझ्या लेकराचं नाव?"

चांगुणानं नाणं हातात घेतलं. वाचलं. पुन्हा वाचलं. क्षणभर तिला वाटलं, आपणही खोटंच सांगावं. कानिफनाथ भीमा तनपुरे म्हणावं आणि संपवावं. मग तिची नजर त्या माणसावर गेली. तो पुन्हा तोड्याकडंच बघत होता.

"नबीलाल मेहताब शेख," ती मोठ्यानं म्हणाली.

"कोन?"

"नबीलाल मेहताब शेख. ह्ये कानिफचं न्हाई आत्या. ह्ये दुसऱ्याच कुनाच्या पोराचं हाय."

एजंट चटकन उठला. "डबी बदलली असेल. अहो, होतं असं गडबडीत. तुमचं आहे ना, आत्ता देतो." त्यानं बॅगेत हात घातला. चांगुणानं ती बॅग हिसकावली आणि अंगणात नेऊन उलटी केली. लाल डब्या मातीत पसरल्या. काही उघडल्या, नाणी घरंगळत चुलीच्या लाकडांपर्यंत गेली.

"कंपनीचा माल आहे!" एजंट ओरडत धावला.

"थांब," रंगुबाई म्हणाली.

ती मोठ्यानं बोलली नव्हती, तरी तो थांबला. आरडाओरडा ऐकून गल्लीतली माणसं कुडाशी जमली होती. त्यांत कारभारी पाटीलही होते. रंगुबाई लंगडत अंगणात आली आणि मातीत बसली.

"चांगुने, वाच सगळी."

चांगुणा एकेक नाणं उचलून वाचत गेली. "सहादेव तुकाराम गदादे, तालुका श्रीगोंदा. काकासाहेब रामभाऊ शेळके, पारनेर. फक्रुद्दीन..." प्रत्येक नावासरशी ती आणखी जोरात वाचू लागली. नावामागून नाव. एका म्हाताऱ्यानं डोक्यावरची टोपी काढली. कानिफचंही नाव आलं, 'कानिफनाथ' मधला 'फ' चुकून 'प' झालेला. रंगुबाईनं ते नाणं हातात घेतलं, पदरानं पुसलं.

"ह्या सगळ्यांच्या आया तुला तोडं देत्यात व्हय रं?" तिनं विचारलं.

एजंटानं एक डबी पायानं जवळ ओढली.

"कुनी काय दिलं? बोल की. पाटल्या? डोरलं?"

"आई, तुम्ही गैरसमज..."

"आई म्हनू नगंस." रंगुबाई उठली. "ज्याचं त्याच्या आईला नेऊन दे. एक पैसा घेऊ नगंस. अन् ह्या गावात पुन्यांदा पाऊल टाकू नगंस."

तो खाली वाकून डब्या गोळा करू लागला, तशी चांगुणा पाटलांकडं वळली. "पाटील, आता न्या की ह्याला तुमच्या ओट्यावर! चहा पाजा! भिंतीवरली फ्रेम दावा सगळ्यांना!"

पाटलांनी मान वळवली आणि ते गर्दीतून मागं सरले. एजंट बॅग छातीशी धरून स्टँडच्या वाटेला लागला. त्याला पकडून कर्जतच्या पोलीस ठाण्यात न्यावं, असं चांगुणा ओरडून सांगत होती. "जाऊ दी गं पोरी, पाव्हना मानूस हाय," कुणीतरी म्हणालं. पाव्हणा! चांगुणानं त्या रागात दवाखान्याची पिशवी कुडावर आपटली.

दुसऱ्या दिवशी तिनं रजा टाकली, कारण नबीलालचं नाणं आपण स्वतः नेऊन देऊ म्हणून आत्या ऐकेना. ते गडबडीत चांगुणाच्या हातातच राहिलं होतं आणि त्यावर गावाचं नाव होतं, जामखेडच्या रस्त्यावरचं. दोघी एस.टी.नं गेल्या. फाट्यावर उतरून, उन्हानं तडकलेल्या रानातून चालत गेल्या. रंगुबाई सुजलेल्या पायांनी पुढं आणि चांगुणा मागं.

नबीलालच्या आईचं नाव हसीना. ती दारात तूर पाखडत होती. रंगुबाईनं तिच्या हातात नाणं ठेवलं आणि म्हणाली, "बाई, एक मानूस येतो तुमच्याकडं, आई म्हनत. ह्ये खोटं हाय. त्येला काय देऊ नगा. पर नाव तुमच्या पोराचं हाय, म्हनून आनलं."

हसीनानं नाण्याकडं बघितलंही नाही. ती रंगुबाईकडं बघत राहिली. "तुमचा बी गेला का त्यात?"

"व्हय."

हसीनानं सूप बाजूला सारलं आणि बाज पुढं ओढली. रंगुबाई बसली.

"काय नाव हुतं?"

"कानिफ. लई खोडकर. वांग्याच्या भाजीला तोंड लावायचा न्हाई."

"आमचा गवारीला."

दोघी बोलत राहिल्या. चांगुणाला बसवेना. त्या माणसानं कुठली गाडी पकडली, पुढच्या कुठल्या गावात आता तो कुणाला आई म्हणत असेल, हेच तिच्या डोक्यात घुमत होतं. ती अंगणात उभी राहिली, उन्हात, मुठी आवळून. दाराकडून तिला दोन बायकांचं हसू ऐकू आलं, मग पुन्हा सुपात तूर पाखडल्याचा आवाज.