डावीकडची खरखर

पुण्याहून आणलेलं पेडलसुद्धा खरखरायला लागलं, तेव्हा ह्यांनी गिटार खुंटीला अडकवली आणि ओट्यावर जाऊन बसले. मी चहा दिला, तो तसाच गार झाला.

हे म्हणजे माझे मालक, परमेश्वर. पाटोद्याच्या आदिनाथ भाऊजींच्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवतात. स्टेजच्या दोन बाजूंना दोन स्पीकर असतात. देवळापुढं कार्यक्रम असला की एकाचं तोंड देवळाकडं, दुसऱ्याचं रस्त्याकडं. आत आरती सुरू झाली की देवळाकडचा आवाज उतरवायचा आणि रस्त्याकडचा तसाच ठेवायचा. दोन्ही हात तर तारांवर गुंतलेले. म्हणून हे पायाचं पेडल. पुढं दाबलं की आवाज चढतो, मागं घेतलं की उतरतो. वरची कळ फिरवली, की तेच पाऊल आवाजाला डावीकडून उजवीकडं नेतं.

पहिलं पेडल बीडहून आणलं होतं. थोड्याच दिवसांत त्याला डावीकडं खरखर आली. दुकानदारानं आत न बघताच कंपनीकडं धाडलं आणि बदलून दिलं. दुसऱ्याचंही तेच झालं, तेव्हा ह्यांनी त्या माणसाला चार लोकांदेखत चोर म्हटलं. मग एसटीनं पुण्याला गेले आणि एका वादकाकडून वापरलेलं, पण नावाजलेलं पेडल घेऊन आले. निदान ते तरी टिकेल असं वाटलं होतं.

संध्याकाळी आदिनाथ भाऊजी आले. पायरीवरूनच बोलले.

"परमेश्वर, शनिवारी कड्याला कार्यक्रम हाय. मागच्या टायमाला लोकांना वाटलं, स्टेजवर कुणी भजे तळतंय."

हे हसले नाहीत. "दुसरं बघतो," म्हणाले.

"किती बघशील बे? नगरचा एक कीबोर्डवाला हाय. गिटारीचे समदे आवाज त्याच्या पेटीतच हायेत. पाय बी हलवत न्हाई. शनिवारी खरखर आली, तर पुढच्या कार्यक्रमापासून तोच." मग माझ्याकडं वळले. "वहिनी, तुमी जरा देवाला सांगा. आमचं तर कंपनी बी ऐकत न्हाई."

मी तर रोजच सांगत होते. सकाळी अंघोळ, तुळशीला पाणी, देवापुढं दिवा आणि मग गिटारीला हळदकुंकू. पहिलं पेडल घरात आलं त्या दिवशी ह्यांनी त्यावर पाय ठेवला आणि मी हात जोडले. वाद्याला चुकून पाय लागला तरी आपण हात लावून नमस्कार करतो, इथं तर पायानंच वाजवायचं. तेव्हापासून नेम धरला. रोज पेडलला हळदकुंकू आणि चिमूटभर अक्षता. ह्यांनाही ते बरं वाटायचं. कार्यक्रमाच्या दिवशी म्हणायचे, "आज जरा जास्त लाव."

भाऊजी गेल्यावर ह्यांनी पेडल मांडीवर घेतलं. दुकानातल्या पेडलांना आतून हात लावायची सोय नव्हती. सील तुटलं की बदलून मिळत नाही. ह्याला सीलच नव्हतं. खालचे स्क्रू काढले, पत्रा उचलला आणि पेडल उलटं करून झटकलं.

तांदूळ पडले. मागून कुंकू आणि हळद. अजून झटकलं, अजून पडलं.

पावलाखालच्या फटीतून रोजचं थोडं थोडं आत गेलं होतं.

"नेम माझा होता," मी म्हणाले.

"जास्त लाव, म्हणणारा मीच व्हतो." त्यांनी बोटानं कुंकू एका कडेला सारलं. "त्या बीडच्या माणसाला म्या चोर म्हणलं गं."

"जाऊन सांगून या."

"जाईन. शनिवार होऊ दे."

दात घासायच्या जुन्या ब्रशनं त्यांनी आतलं सगळं साफ केलं. तारा जोडल्या, पाऊल हळूहळू डावीकडून उजवीकडं नेलं. मला दारात उभं करून ऐकायला लावलं. मी मान हलवली, तरी पुन्हा पुन्हा विचारत राहिले. त्यांचा आता कशावरच भरवसा राहिला नव्हता.

रविवारी सकाळी आदिनाथ भाऊजींचा फोन आला.

"वहिनी, उठला का तो?"

"नाही अजून."

"झोपू द्या. म्हणावं, मंगळवारी आष्टीला जायचंय."

"आणि ते नगरचे?"

"कोण नगरचे?" म्हणाले आणि फोन ठेवला.

मी पूजेचं ताट घेऊन पेडलपुढं बसले. बोट कुंकवात बुडवलं आणि तसंच थांबले. नेम मोडवत नव्हता आणि कुंकू लावायचा धीर होत नव्हता.

"काय झालं?" हे अंथरुणातूनच बोलले.

"कुठं लावू?"

गोधडीतून त्यांचा उजवा पाय बाहेर आला.

"ह्याला लाव. पेडलला लागतो तो ह्योच."

उभं राहून राहून पाऊल सुजलं होतं. मी अंगठ्याला हळद लावली, वर कुंकू लावलं. अक्षता घ्यायला ताटात हात घातला.

"तांदूळ नको," म्हणाले, "टोचतेत." आणि पाय आत न घेताच झोपी गेले.