सत्तेचाळीस नंबर

संध्याकाळचा पेपर दारात पडला, की विनीफ्रेड क्रॉपर उभ्याउभ्याच तिसरं पान उघडायची. युद्धाच्या बातम्या गेल्या खड्ड्यात! गावाबाहेरच्या साथीच्या इस्पितळात आईबापांना पाऊल टाकायची बंदी. प्रत्येक पोराला एक नंबर, आणि त्यांची खबरबात पेपरात: अत्यवस्थ, गंभीर, फरक नाही, उतार. तिच्या सहा वर्षांच्या डोरीनला घटसर्प झालेला. नंबर सत्तेचाळीस. तीन दिवस 'गंभीर', काल 'फरक नाही'.

आज सत्तेचाळीस कुठेच नव्हता.

शेजारच्या टॅटरसॉलबाईंनी चष्मा लावून पुन्हा शोधलं.

"अगं, घरी सोडणार असतील. सोडलं की नंबर काढतात."

"आणि मेलं की?"

टॅटरसॉलबाईंच्या तोंडाची टकळी एरवी बॉम्ब पडले तरी थांबत नसे. आता त्यांनी चष्मा काढला आणि पेपराची घडी घातली.

विनी एप्रनवरच निघाली, दोन मैल धावत. वसंतात शाळेत लस टोचत होते. माझ्या धडधाकट पोरीला सुया कशाला, असं तिनेच तोऱ्यात सांगितलं होतं. ते बोलणं आता पावलोपावली तिला डसत होतं.

"हॅरॉप! माझी सत्तेचाळीस कुठाय?" फाटकाचे गज धरून ती ओरडली.

म्हाताऱ्या पहारेकऱ्याने वही पाहिली. "आहे की. दुपारी तांदळाची खीर नको म्हणून रुसली होती."

"मग पेपरात का नाही?"

"कागदाची टंचाई, बाई. आजपासून 'फरक नाही'वाले छापणार नाहीत म्हणे."

"आणि हे आधी सांगायला तुमच्या जिभेलाही रेशन लागलंय का?" विनी रडत हसली.

मागून एक तरुण बाई धापा टाकत आली. तिच्याही मुठीत पेपर. "एकावन्न... माझा अ‍ॅल्फी... काल 'फरक नाही'त होता, आज..."

"अगं वेडे, आहे तो!" विनीने तिचा हात घट्ट धरला. "कागद कमी पडला नुसता! माझीही तशीच. रडू नकोस."

ती बाई हसली. मग दोघींनी हॅरॉपकडे पाहिलं.

त्याने वही उघडलीच नाही. टोपी काढली.

"चार वाजता निरोप घेऊन पोलीस पाठवला होता तुमच्या घरी," तो म्हणाला. "वाटेत चुकामूक झाली वाटतं."

तिचा हात अजून विनीच्याच हातात होता.