कागदात गुंडाळलेलं पाकीट

"हे परत घ्या." बसड्रायव्हरने गोळ्यांचं पाकीट काउंटरवर ठेवलं, तेही पालथं, नाव दिसू नये म्हणून.

औषधाच्या दुकानातल्या बाईंनी ते लगेच ओळखलं. कालच त्यांनी ते त्याला वर्तमानपत्राच्या चौकोनात गुंडाळून दिलं होतं. ही पद्धत त्यांचीच. खोकल्याचं औषध तसंच हातात देत, ही गोळी मात्र गुंडाळून. बायकांना संकोच नको म्हणून रोज सकाळी त्या पंधरा-वीस चौकोन कापून ठेवत. बावीस वर्षं झाली. त्यांना याचा थोडा अभिमानही होता, फक्त कुणी विचारलं नाही म्हणून सांगायचा राहिला होता.

"फोडलंय का?"

"छे. पोरगी सतरा वर्षांची आहे हो माझी. माझी मोठी बहीण म्हणाली, मूल नको असलेल्या बायका घेतात ती ही गोळी. डॉक्टरांचंच काहीतरी चुकलं असणार."

"चुकलेलं नाही. एका गोळीत दोन हार्मोन असतात, आणि ती बऱ्याच कारणांसाठी देतात. पाळीत फार त्रास होतो ना तिला?"

"दोन दिवस फरशीवर गडाबडा लोळते. शाळा बुडते." तो अडखळला. "पण मला एक सांगा, यात वावगं काही नसतं तर तुम्ही लपवून दिली असती का?"

बाईंनी कापून ठेवलेल्या चौकोनांकडे पाहिलं. एरवी बोलण्यात त्या कुणाला हार जात नसत.

"हे मात्र माझं चुकलं," त्या म्हणाल्या. मग आवाज खाली न आणता बोलल्या, "मी सोळाची होते. हेच दुखणं, अशीच गोळी. लोक काय म्हणतील म्हणून आईने पाकीट न फोडता परत केलं. पुढची पंधरा वर्षं मी दात आवळून काढली. ऑपरेशन झालं तेव्हा आत सगळं चिकटलेलं निघालं. मूल झालं नाही. गोळीने ते टळलंच असतं असं नाही म्हणत मी. पण दुखणं तरी कमी झालं असतं."

मागच्या गिऱ्हाइकाने एकदम टूथपेस्टची जाहिरात वाचायला घेतली.

ड्रायव्हरने पाकीट उचललं आणि तो निघून गेला. घरी नेलं की वाटेत टाकलं, हे कळायला मार्ग नव्हता. बाईंच्या जिवाला मात्र घोर लागून राहिला.

महिन्याने तो आला, ऐन गर्दीत.

"पोरीची गोळी द्या," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "या खेपेला एकच दिवस झोपून होती. दुसऱ्या दिवशी गेली शाळेत."

बाईंचा हात सवयीने चौकोनांकडे गेला.

"कागद राहू द्या."

त्याने पाकीट शर्टाच्या खिशात घातलं. ते अर्धं बाहेरच राहिलं. रांगेतल्या माणसांमधून वाट काढत तो तसाच निघून गेला.

आपल्या आईला एवढंच जमायला हवं होतं, असं बाईंना वाटलं, आणि फार वाईट वाटलं. उचललेला चौकोन अजून हातातच होता. तो तसाच धरून त्यांनी पुढच्या गिऱ्हाइकाला विचारलं, "तुम्हाला काय हवंय?"