शून्यावर आलेला काटा

शनिवारी सकाळी साडेनऊला सुजितचा फोन आला तेव्हा निवेदिता भोसरीच्या ऑफिसात होती. "मॅडम, सोर्स डब्यात नाहीये," एवढंच तो बोलला.

निवेदिता एका छोट्या तपासणी कंपनीत रेडिएशन सुरक्षा अधिकारी होती. कारखान्यांतल्या पाइपांचे वेल्ड आतून नीट आहेत का, ते फोटो काढून बघायचं, हे त्या कंपनीचं काम. दवाखान्यात एक्स-रे काढतात तसंच, फक्त इथे किरण निघत ते इरिडियमच्या एका गोळीतून; तिलाच सोर्स म्हणत. हरभऱ्याहून लहान गोळी, स्टीलच्या टोपणात बंद, आणि ते टोपण वीतभर लवचिक तारेच्या टोकाला. फोटो झाला की ती तार जाड आवरणाच्या डब्यात मागे ओढून घ्यायची आणि किरण मोजणारं मीटर लावून ती खरंच आत आली का ते तपासायचं. शुक्रवारी चाकणच्या पुढे एका नव्या साइटवर सुजितने ते मीटर लावलं नव्हतं, म्हणून तार सुटून बाहेरच राहिल्याचं त्याला कळलं नाही. शिफ्ट संपली होती, टेम्पोवाला हॉर्न मारत होता.

तासाभरात ती साइटवर पोचली. सुजित पंचविशीचा, एरवी बडबड्या, पण आता त्याचे ओठ पांढरे पडले होते. दोघांनी सगळी साइट पालथी घातली. मीटर शांत होतं. कुंपणाच्या भिंतीपाशी मात्र काटा हलायला लागला. भिंत खाली पडलेली होती तिथून ते पलीकडे गेले आणि काटा आणखी चढला. समोर शेलारवस्ती होती. दहाबारा घरं, कडब्याच्या गंजी, दोन ट्रॅक्टर, आणि नव्या स्लॅबच्या घरापुढे फुगडी घालणाऱ्या मुली.

तिने मालकांना, नंदकिशोर सरांना, फोन लावला.

"मी मुंबईला कळवलंय," ते म्हणाले. "अणुऊर्जा नियामक मंडळाची माणसं तीनपर्यंत येतील. तोवर लोकांना काही बोलू नका. भंगाराचा तुकडा हरवलाय म्हणा. उगाच पळापळ होईल."

"सर, तोवर कोणी तो खिशात घातला तर?"

 निवेदिताने फोन ठेवला. पुस्तकात वाचलेली प्रकरणं तिला आठवत होती. चमकतोय म्हणून घरी नेलेला तुकडा, पंधरा दिवसांनी काळी पडलेली बोटं. तिने मुलींना लांबच्या पिंपरणीच्या झाडाखाली जायला सांगितलं आणि घराघरांतून माणसं बाहेर रस्त्यावर बोलावली.

"इथे जवळपास एक तारेचा तुकडा पडलाय. त्यातून किरण निघतात. दिसत नाहीत, वास नाही, चटकाही बसत नाही. पण जवळ राहिलं तर माणूस आजारी पडतो."

कोणी हसलं, कोणी लेकरू उचललं. मारुतराव शेलार पुढे आले. सत्तरीचे, वस्तीतले वडीलधारे. साइटसाठी जमीन त्यांनीच दिली होती.

"बाई, दिसत न्हाई, वास न्हाई, चटका न्हाई. मग हाय कशावरून?"

यावर तिच्याकडे व्याख्यान तयार होतं. दरवर्षी विज्ञान दिनाला ती शाळांत जाऊन तेच द्यायची: अणू, केंद्रक, क्षय. ते तिने बाजूला ठेवलं. तिने मीटर मारुतरावांच्या हातात दिलं.

"काका, तुम्हीच बघा. पण हा रस्ता सोडून घरांकडे जायचं नाही."

ते मीटर घेऊन रस्त्याने चालले. विहिरीकडे टिकटिक मंदावली, घरांकडे वळले की वाढली. त्यांनी ते पुतण्याच्या, रविराजच्या, हातात देऊन त्यालाही फिरवलं. मग सुजितकडचं दुसरं मीटर मागून घेतलं आणि तीच चक्कर पुन्हा मारली. परत आले तेव्हा त्यांच्या कपाळावर घाम होता.

"मीटर कोनतंबी घ्या, कुनीबी धरा, आवाज तिकडंच वाढतोय. आमच्या गोठ्याकडं." ते बायकोकडे वळले. "कायतरी हाय तिथं."

आता कोणी हसलं नाही. निवेदिताला वाटलं, हे आपल्याला दहा वर्षांत इतक्या थोडक्यात सांगता आलं नव्हतं. पण तो विचार टिकला नाही. गोठ्यापर्यंत कुणाला तरी जायचं होतं.

सुजित म्हणाला, "मी जातो, चूक माझी आहे." तिने त्याला थांबवलं आणि गोठ्याच्या भिंतीच्या आडोशाने ती स्वतः निघाली. काटा चढत होता, टिकटिकीचा सलग खरखराट झाला होता. ती पावलं मोजत होती. गोठ्याच्या कोपऱ्याला वळली आणि खरखराट थांबला.

काटा शून्यावर आला होता.

तिच्या अंगातून एकदम ताण गेला. नाहीये इथे. काही नाहीये. क्षणभर, कदाचित दोन क्षण, तिने तसं मनापासून मानलं. ते शून्य तिला इतकं हवं होतं की ते खरं असण्यासाठी दुसरं काही लागलंच नाही. रस्त्यावरून लोकांनाही आवाज थांबल्याचं कळलं. "गेलं, गेलं," कोणीतरी ओरडलं. गोठ्यात गाभण शेळी केकाटत होती. मारुतरावांची बायको, मंजुळाबाई, पदर खोचून शेळीकडे निघाल्या.

तेव्हा निवेदिताला स्वतःचाच धडा आठवला. किरण फार झाले आणि मीटरमधली नळी भरून वाहायला लागली की जुनं मीटर मोजायचंच सोडतं. हे तिनेच सुजितला शिकवलं होतं. वर्गात, फळ्यावर, पंख्याखाली.

ती मागे धावली, हात पसरून. "मावशी, थांबा! पुढे येऊ नका!"

"अगं पर बंद झालंय की ते!"

"बंद नाही झालं, बधिर झालंय! मोशीच्या खाणीत सुरुंग उडाला की कान बंद होतात ना? म्हणजे आवाज नव्हता असं होतं का?"

ती भिंतीमागे आली आणि मीटर पुन्हा कर्कश वाजू लागलं. मंजुळाबाई जागच्या जागी थिजल्या. मारुतरावांनी पुढे येऊन त्यांचा दंड धरला. ते स्वतः तरुणपणी चार वर्षं खाणीत होते, त्यांना लगेच उमगलं.

"तारेचा तुकडा म्हनली व्हतीस ना तू?" मंजुळाबाईंचा आवाज बारीक झाला. "येवढा? टोकाला मनी असल्यावानी?"

"हो."

"सकाळी भिताडापाशी गवत कापताना घावला. गोठ्याची कडी निसटायची, म्हून म्या ती तार गुंडाळली तिला." त्यांनी उजवा हात पुढे केला आणि आपल्याच बोटांकडे परक्यासारख्या बघत राहिल्या. बोटं नेहमीसारखी होती. सुरकुतलेली, हिरव्या डागांची, धडधाकट.

"किती वेळ धरली होती?"

"मनी चिमटीत धरून पीळ दिला. दोनतीन मिनटं."

निवेदिताने त्यांना आता दुखतंय का ते विचारलं नाही. उत्तर तिला माहीत होतं: आत्ता काहीच वाटणार नाही. म्हणूनच तिला त्या हाताकडे बघवेना.

मंडळाची माणसं तीनलाच येणार होती. तेवढा वेळ थांबायचं तिने ठरवलं आणि तसंच केलं. वस्ती रस्त्यापलीकडे हलवली, सुजितला दोर बांधायला लावला. रविराजच्या गाडीतून मंजुळाबाईंना मोठ्या दवाखान्यात पाठवलं. डॉक्टरांसाठी कागदावर इरिडियमचं नाव, वेळ आणि अंतर लिहून दिलं. शेळी मात्र ओरडत राहिली. तीनला आलेल्या दोघांनी लांब चिमट्याने तार सोडवली आणि ती शिशाच्या भांड्यात पडली. सगळं मिळून चाळीस सेकंदांचं काम. निवेदिता दोराबाहेर उभी होती. भांड्याचं झाकण बसलं तेव्हाच ती हलली.

पुढचे दिवस तिला वाटलं त्याहून वाईट गेले. धोका टळला होता, पण दूध केंद्राने शेलारवस्तीचं दूध बंद केलं. मुलांना शाळेत वेगळं बसवलं. निवेदिता मीटर घेऊन रोज वस्तीवर जायची. दूध, गवत, विहिरीचं पाणी, सगळं मोजून दाखवायची.

"किरण लागल्याने दूध बिघडत नाही. गोळी फुटली नव्हती, काही सांडलं नाही. बघा, काटा हललासुद्धा नाही."

वस्तीवर आलेला केंद्राचा सचिव सयाजी हाताची घडी घालून म्हणाला, "मॅडम, तुम्हीच म्हणालात ना, काटा शून्यावर म्हणजे काही नाही असं नाही? मशीन बधिर असेल."

 तो चुकत नव्हता. भीतीपोटी तिने जे खरं सांगितलं होतं, तेच आता तिच्या अंगावर आलं होतं. त्या रात्री झोप लागली नाही. सुजितने नोकरी सोडल्याचा मेसेज तिने तीनदा वाचला.

दुसऱ्या दिवशी तिने मीटर तपासायला वापरतात ती अगदी सौम्य किरणांची चकती बरोबर नेली. मारुतरावांना दाखवलं: चकतीपाशी मीटर वाजतं, म्हणजे ते ऐकतंय, लगेच दुधाच्या किटलीपाशी धरायचं, मग पुन्हा चकती. मारुतरावांनी ते स्वतः सगळ्या घरांत केलं, नंतर केंद्रावर जाऊन सयाजीच्या हाताने करवलं. सयाजीने चकती-किटली-चकती असं सात वेळा केलं. अकराव्या दिवशी दूध सुरू झालं, तेही आधी सकाळचंच.

मंजुळाबाईंचा अंगठा आणि पहिलं बोट बाराव्या दिवशी सुजलं, फोड आले. दीड महिन्याने बोटाचं एक पेर काढावं लागलं. निवेदिता भेटायला गेली तेव्हा त्या खाटेवर बसून डाव्या हाताने भाकरी मोडत होत्या.

"म्या हात दाखवला तवा तुझा चेहरा बघितला," त्या म्हणाल्या. "तुला ठाव व्हतं व्हय, ह्ये असं हुनार?"

"अंदाज होता. चुकावा असं वाटत होतं."

मंजुळाबाईंनी पट्टी बांधलेला हात मांडीवर घेतला. "मग तवाच सांगायचं व्हतं."

"भीती वाटली, मावशी."

"ती मलाबी वाटली असती," त्या म्हणाल्या, "पर मला तरी कळलं असतं." आणि त्यांनी उरलेली चतकोर भाकरी तिच्यापुढे सरकवली.