न फुगलेले डबे

आमच्या ह्यांचं नाव रावजी. भाट्याच्या खाडीच्या अंगाला आमची वाडी. तिथं कुणालाही विचारा, एकच सांगतील: रावजीचा डबा फुगत नाही. हे आंब्याच्या कारखान्यात डबे सील करायचे. हंगामात आमरसाचे डबे रांगेनं यायचे, हे एकेकावर झाकण दाबायचे, डबा अर्धा तास उकळत्या पाण्यात ठेवायचे, आणि गार झाला की बोटाच्या हाडानं टकटक करून कान लावायचे. चौदा हंगामांत ह्यांच्या हातचा एक डबा आत नासून, फुगून परत आला नव्हता. त्याचा ह्यांना जेवढा गर्व होता तेवढा पोटच्या पोरांचाही नव्हता, आणि ते मला डाचायचं. खोटं कशाला बोलू?

ब्याऐंशी साली बातमी पसरली की मार्चच्या दहा तारखेला सगळे ग्रह एका बाजूला येणार, समुद्र चढणार आणि जगाचा निकाल लागणार. छापून आलंय म्हणे. गिरण्यांचा संप झाला म्हणून गावी परतलेल्या चाकरमान्यांनी त्यात आपला मीठमसाला घातला. लोकांनी ऐकलं, हसले, कामाला लागले. आमच्या ह्यांनी मात्र मनावर घेतलं. समुद्र चढला की वर डोंगरमाथ्याच्या सड्यावर जायचं, कातळावर खोप बांधायची आणि सहा महिने काढायचे असं ह्यांचं ठरलं. तांदूळ, कुळीथ, मीठ, रॉकेल सगळं जमवलं. मग एक दिवस म्हणाले, तिथं सुकी लाकडं कुठून मिळणार? चूलच पेटली नाही तर? तेव्हा झाकण उघडून गारच खाता येईल असं काहीतरी पाहिजे.

कारखाना तेव्हा बंद होता. ह्यांनी शेटला विचारून हातानं चालवायचं मशीन आणि रिकामे डबे घरी आणले. मग आमच्या पडवीत कोलंबी, कच्च्या फणसाची भाजी, शिजवलेले पावटे असं सगळं डब्यांत जाऊ लागलं. रीत आंब्याचीच. भरलं, झाकण दाबलं, अर्धा तास उकळलं, टकटक केली, फळीवर ठेवलं. मी विचारलं, "जग बुडताना तुमाला कोलंबी गोड लागंल काय?" त्यावर ह्यांनी पुढचा डबा मशीनला लावला. ह्यांना थट्टा कळत नाही असं नाही, पण मशीनसमोर असले की कळत नाही.

वाडी आधी हसली. फेब्रुवारी सरत आला तशी हसणारी तोंडं मागच्या दारानं पातेली घेऊन येऊ लागली. पलीकडची म्हातारी सोनूबाई खाडीतले शिंपले, तिसऱ्या, घेऊन आली. तिचा मुलगा धाकू चारचौघांत ह्यांना वेडा म्हणायचा, तोही दोन डबे भरून घेऊन गेला. आमच्या अंगणाच्या दगडी गडग्यापलीकडची हफीजा आली. हफीजा म्हणजे माझी मैत्रीण. तिची तीन पोरं माझ्या अंगणात वाढली, माझी तिच्या. तिचा नवरा सुलेमान बोटीवर खलाशी, वर्षाचे नऊ महिने पाण्यावर. तेव्हा तो सुट्टीवर आला होता आणि त्याला कोलंबी फार आवडायची, म्हणून तिनं तीन डबे भरून घेतले. कुठले डबे कुणाचे ते कळावं म्हणून हे प्रत्येकाच्या झाकणावर तांबड्या रंगानं अक्षर काढायचे.

आता ज्यानं कुणी ती दहा तारीख ठरवली, त्याला कोकण माहीत नसणार. त्या दिवशी नेमका शिमगा. पालखी, ढोल, पुरणपोळ्या. प्रलयासाठी कुणाला फुरसतच नव्हती. आमचे हे तेवढे सकाळपासून सड्यावर दोन पोती घेऊन बसले होते. संध्याकाळी समुद्र जिथल्या तिथं बघून खाली उतरले आणि निमूट पालखीला खांदा द्यायला गेले. सणाच्या दिवशी कोलंबीचा डबा कोण उघडणार? डबे तसेच राहिले. पावसाळ्यात मासळी नसते तेव्हा होतील म्हणून लोकांनी ते माळ्यावर टाकले.

एप्रिलात कारखाना सुरू झाला. दापोलीच्या विद्यापीठातली मालन नावाची मुलगी काम शिकायला आली होती. हिशेबी, चष्मा लावणारी, कमी बोलणारी. ह्यांना तिचं कौतुक वाटलं म्हणून एका बुधवारी दुपारी तिला जेवायला घेऊन आले. मी मानानं कोलंबीचा डबा उघडायला घेतला. तिनं माझा हात धरला. आधी तिनं विचारलं, हे कसं उकळलंत? ह्यांनी छाती फुगवून सांगितलं. ती पानावर बसलेली उठून उभी राहिली.

"काका, हापूस गोड लागला तरी आत आंबट असतो, म्हणून अर्ध्या तासात भागतं," ती म्हणाली. "कोलंबीत, फणसात, पावट्यात आंबट काही नाही. ते मोठ्या दाबाखाली शिजवावं लागतं. नुसत्या उकळीनं मरत नाही असलं जंतूचं एक बी असतं, ते बंद डब्यात विष करतं."

ह्यांनी डबा उचलला, हाडानं टकटक केली आणि म्हणाले, फुगला तर कळंल ना. मालन म्हणाली की नेहमी फुगतोच असं नाही, कधी वासही येत नाही. खाल्ल्यावर एक दिवस, दीड दिवस माणसाला काही होत नाही. मग एकाचे दोन दिसू लागतात, जीभ जड होते, पापण्या मिटतात, शेवटी श्वास थांबतो. दर डब्यात असेलच असंही नाही, आणि कुठल्या डब्यात आहे ते बाहेरून कुणालाच सांगता येणार नाही. आपण दोन डबे खाल्ले की, हे म्हणाले. मी त्या दोन्ही वेळा कोकम घालून रस्सा खळाखळा उकळला होता, ते मी तिला सांगितलं. त्यानं वाचलात, ती म्हणाली, पण हे डबे तर तुम्ही गार खायला केलेत ना? सगळ्यांचे परत आणा आणि न उघडता खोल पुरा.

ती गेली. हे मशीनपाशी जाऊन बसले. मी म्हटलं, उठा, घरोघर जाऊन सांगा. ह्यांनी मान हलवली.

"चवदा वर्सा झाली," हे म्हणाले. "माज्या डब्यात इष हाय असं मी माज्या तोंडानं सांगू?"

मला संताप आला. पण त्या चेहऱ्याकडे बघून माझा जीवही कळवळला. ह्यांच्याकडे दुसरं काय होतं? जमीन नाही, शिक्षण नाही, हे एवढं नावच होतं. म्हणून मी एक उपाय काढला. त्याच संध्याकाळी मी बाहेर पडले आणि प्रत्येक दारात एकच सांगितलं: डबे कारखान्याचे आहेत, शेटला कळलंय, मालासकट परत मागतोय, मी तुम्हाला बदल्यात ताजी मासळी देते. किती शहाणी मी! परतताना वाटत होतं, लोकांचे जीवही वाचले आणि ह्यांचं नावही.

लोकांनी काय केलं? जे कुणीही करेल ते. अर्धे दिले, अर्धे लपवले. कोलंबीनं भरलेला डबा शेटला कोण देतो? धाकूनं तर एक जुना डबा पाणी भरून आणून दिला. हफीजा म्हणाली, तिचे तिन्ही डबे संपले. मी तिच्या डोळ्यांत बघितलं आणि मला कळलं की ही खोटं बोलतेय. मला हसू आलं, कारण मीही खोटंच बोलत होते. आणि मी घरी आले. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं सुलेमान मुंबईला गेला. त्याची बोट सोमवारी सुटणार होती.

गुरुवार, शुक्रवार माझा जीव थाऱ्यावर नव्हता. बाहेर दिलेले सव्वीस डबे, धाकूचा पाण्याचा सोडून परत आलेले पंधरा. मी गोठ्यामागं खड्डा खणून ते पुरले. जेवायच्या वेळेला कुणाच्या घरातून वास आला की मी काहीतरी निमित्त काढून डोकावून यायची. कुणी जोरात खोकलं तरी थांबायची. हे कामावर जायचे, यायचे, ताटावर बसायचे आणि तसेच उठायचे. 

शनिवारी सकाळी धाकूची बायको धावत आली. सोनूबाईला उलट्या होतायत, गरगरतंय म्हणते. हे दाढी करत होते. अर्ध्या तोंडाला साबण तसाच, हे गडगा ओलांडून धावले, मी मागं. म्हातारी ओटीवर पडली होती. हे तिच्यासमोर गुडघ्यावर बसले, हात वर धरला आणि विचारू लागले, किती बोटं? म्हातारीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. ती म्हणाली, बोटं कसली, मला तू कोण हायस त्येच दिसत नाय.  पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. मग धाकूची बायको म्हणाली, सासूबाईंनी काल अख्खं कलिंगड एकटीनं खाल्लं. डबा? डबा तर माळ्यावर आहे.

हे खाली बसले ते बसलेच. लोक जमले होते. साबण गालावर सुकत होता आणि हे सगळ्यांना सांगत होते. शेटनं काही मागितलेलं नाही. मी चुकलो. आंब्याची रीत मी कोलंबीला लावली. माझ्या डब्यात विष असेल. ज्यांच्याकडे आहेत त्यांनी आत्ता आणा. आवाज चढवला नाही, मान खाली घातली नाही. लग्नाला सोळा वर्षं झाली होती, आणि मला त्या घटकेला ह्यांचा जेवढा अभिमान वाटला तेवढा कधीच वाटला नव्हता. घटकाभरात लपलेले दहा डबे आमच्या अंगणात आले. एक राहिला.

हफीजा गर्दीच्या मागं उभी होती. तिच्या ओठांवरचा रंग गेला होता. तिचे दोन डबे त्या दहांत आले होते, तिसरा तिनं त्या बुधवारी मी गेल्यावर घाईनं सुलेमानच्या पेटीत घातला होता. मी मागून नेईन या भीतीनं. एरवी तो तिनं पावसाळ्यासाठी ठेवला असता.

दुपारी जी पहिली मिळाली त्या एसटीनं हे निघाले. जन्मात कधी मुंबई बघितली नव्हती. दोन दिवस हफीजा आपल्या दारात आणि मी माझ्या, मध्ये गडगा. मी दोनदा तिकडं गेले. तिनं बसायला सांगितलं, पाणी दिलं आणि पुन्हा दाराशी जाऊन उभी राहिली. मंगळवारी सकाळी हे उतरले, पिशवीत तो डबा. मला एवढंच म्हणाले, बंद होता. पुढचं सगळं सुलेमाननं हफीजाला पत्रात लिहिलं, ते तिनं मला वाचून दाखवलं. डोंगरीला आपल्याकडच्या खलाशांची खोली आहे, तिथं रविवारी दुपारी हे पोचले. पंधरा माणसं जेवायला बसली होती, पाव समोर होते आणि डबा उघडायला काढलेला होता. ह्यांनी सांगितलं, पण कुणी मानलंच नाही. शेट डबे परत मागतोय हे सुलेमाननं आधीच सांगितलेलं, म्हणून सगळ्यांना वाटलं, शेटच्या एका डब्यासाठी ह्याला एवढ्या लांब पिटाळलंय. एकानं टकटक करून दाखवली, बघा रावजीभाऊ, कसा वाजतो, तुमचा डबा कधी खराब झालाय? ह्यांनी तीनदा सांगितलं. मग हे सगळ्यांसमोर रडले. तेव्हा त्यांनी डबा दिला.

हफीजानं पत्राची घडी घातली. मग तिनं विचारलं.

"तू पयल्याच दिशी का नाय सांगितलंस गो? दुसऱ्यांना नको, मला तरी?"

ह्यांचं नाव जाईल म्हणून, मी म्हटलं. ते खरं होतं, आणि माझ्याच कानाला ते किती हलकं वाटलं. तिनं मान डोलावली. मला वाटलं, भांडेल, शिव्या देईल. तिनं चहा टाकला.

मे महिन्यात वाडीतली फारशी माणसं घरचा आमरस डब्यात भरून घ्यायला ह्यांच्याकडे आली नाहीत. आंब्याला धोका नाही हे मालननं स्वतः येऊन सांगितलं तरी नाही. हफीजा मात्र आली. सहा डबे आमरस तिनं ह्यांच्याकडून सील करून घेतला, आणि मला इतका आनंद झाला की मी ते डबे स्वतः तिच्या घरी पोचवले.

जुलैत, पाऊस धरून होता तेव्हा, तिनं पहिला डबा उघडला आणि मला हाक मारली. तिची तिन्ही पोरं चपात्या घेऊन बसली होती. तिनं वाटीत रस काढला, पोरांच्या पुढं न ठेवता माझ्या पुढं धरला.

"आदी तू खा," ती म्हणाली. रागानं नाही, हसून नाही.

मी खाल्ला. गोड होता. पोरांनी हात पुढं केले तसा तिनं डब्यावर ताटली झाकली आणि त्यांना म्हणाली, "तुमाला उद्या."